श्रावणातले निळे कागद

अक्का, तुमच्या बाराव्याच्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तुमच्या विहिरीच्या आडव्या वाशाला कागदाची एक पट्टी बांधली. दुसरी रिकाम्या गोठ्याच्या छपराखाली आणि तिसरी पुढच्या पडवीच्या वळचणीला. घरात भटजी दर्भ निवडत होते, तुमचे पुतणे केळीची पाने पुसत होते, आणि तुमची एकुलती एक भावजय ओल्या पायांनी परसात दोऱ्याच्या गाठी मारत होती. शेजारच्या सावित्रीने ते पाहिलेच.

“वयनी, हे कसले कागद? अक्काच्या नावान नवस बोललात काय?”

“नवस नाही, मोजणी आहे,” मी म्हणाले.

“आज? बाराव्याक?”

“आजच. काल आरोग्य केंद्राच्या बाई विहिरीत पावडर सोडून गेल्या आहेत. उद्यापासून तिचा जोर ओसरू लागेल.”

ओटीवरची चार डोकी माझ्याकडे वळली. इतक्या स्पष्ट आवाजात मी त्या घरात कधी बोलले नव्हते. तुम्ही असतात तर भटजींना थांबवून सगळ्यांना म्हणाला असतात, “आयकलात? आमच्या वयनीक तोंड फुटला!”

तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंनी तुमच्या स्मृत्यर्थ काढायच्या अंकासाठी माझ्याकडे लेख मागितला आहे. तुमची नोकरी, तुमचे सत्कार, तुमच्या हाताखालून गेलेल्या पिढ्या, हे सारे इतर लिहितील आणि माझ्याहून चांगले लिहितील. मला तुमच्याशी बोलायचे आहे, आणि तेही चारचौघांसमोर. कारण तुम्ही महिला मंडळात केलेले एक विधान चुकीचे होते, ते चुकीचे आहे हे मला ठाऊक होते, आणि तुम्ही असेपर्यंत मी ते तुम्हाला सांगितले नाही. आता तुमची आठवण म्हणून ते विधान शाळेच्या भिंतीवर लागायचे आहे.

पहिल्यापासून सांगते. गेल्या नव्हे, त्याआधीच्या दिवाळीत भाऊबीजेला आम्ही डिचोलीहून तुमच्याकडे पेडण्याला आलो होतो. तुम्ही ओटीवर वर्तमानपत्र मोठ्याने वाचत होतात. हवेत ओझोन वाढल्याची कुठल्याशा मोठ्या शहराची बातमी होती. तुम्ही पान दुमडून समाधानाने म्हणालात, “बरां झाला! ओझोन म्हणजे शुद्ध हवा. समुद्राकाठी असता तो. तीस वर्सां पोरांका हेंच शिकवलंय.” जुन्या क्रमिक पुस्तकात तसे होतेही. मी चहाच्या कपात पाहत काहीतरी पुटपुटले.

“काय म्हणालंस? मोठ्यान बोल.”

“खालचा ओझोन चांगला नसतो,” मी म्हणाले. “वरचा चांगला.”

“रसायनात एम.एस्सी. केलंस, आणि आवाज असो? शिरां पडो त्या पदवीर!”

तुमचे बंधू हसले. मीही हसले, कारण ते खरेच होते. पदवी घेतल्यानंतर तीस वर्षे मी डिचोलीच्या एका कचेरीत फायली सांभाळल्या. माझ्या रसायनशास्त्राचा तिथे उपयोग झाला तो साहेबांच्या सदऱ्यावरचा शाईचा डाग काढण्यापुरता. निवृत्त होऊन मला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. तुम्ही चष्मा काढलात आणि फर्मान सोडलेत, “मगे दाखव माका. तोंडान नको, मोजून दाखव.”

मी घाबरून होय म्हटले. छप्पन्नाव्या वर्षी मी विज्ञान करायला लागले ते असे, एका निवृत्त प्राथमिक शिक्षिकेच्या धाकाने. त्याबद्दल मी तुमचे आभार कधी मानले नाहीत. आपल्या घरात नणंदेचे आभार मानायची रीत नाही.

कागद करायची कृती जुनी आणि सोपी आहे. मक्याचे पीठ पाण्यात शिजवायचे, त्यात पोटॅशियम आयोडाइड मिसळायचे, ती खळ गाळणकागदावर दोन्ही बाजूंनी लावायची आणि अंधारात वाळवायची. मग पट्ट्या कापायच्या. पट्टी ओली करून सावलीत, मोकळ्या हवेत आठ तास टांगली की हवेतला ओझोन तिच्यातले आयोडीन मोकळे करतो आणि आयोडीन पिठाला रंग देते. ओझोन थोडा असेल तर फिकट जांभळी छटा, अधिक असेल तर गडद. हवेतल्या दमटपणाने रंग बदलतो, म्हणून त्याची दुरुस्ती करावी लागते. पहिल्या खेपेची माझी खळ गुठळ्यांची झाली. तुम्ही पातेल्यात डोकावून म्हणालात, “वयनी, हेका लोणचां लावून खावया काय?” दुसरी जमली. ते कागद तुमच्या कपाटात, पैठणीच्या घडीखाली वाळले.

मग जागा ठरवायच्या होत्या. डिचोलीत माझ्या घराच्या मागच्या खिडकीचे छप्पर ठरले. तुमचे घर मोपाच्या सड्याच्या, त्या उघड्या कातळी पठाराच्या, उतारावर. पुढच्या बाजूला संध्याकाळचे ऊन, मागे चुलीचा धूर. तुम्ही फोनवरून विचारलेत, “बावीर छप्पर आसा. फणसाची सावली आसा. धूर येना. चलात?” मी म्हणाले, “उत्तम.” हा शब्द मी उच्चारला होता, अक्का. विहिरीची जागा तुम्ही सुचवलीत, पण पसंत मी केली, आणि न पाहता केली.

दर शुक्रवारी आपण म्हापशाच्या बाजारात भेटू लागलो. तुम्ही पेडण्याच्या बसने, मी डिचोलीच्या. तुमच्याकडे आतून काळा कागद लावलेला बिस्किटांचा चपटा डबा, माझ्याकडे तसाच दुसरा. स्थानकाजवळच्या चहाच्या दुकानात कोपऱ्यातले टेबल धरून आपण आठवड्याच्या सात-सात पट्ट्या पांढऱ्या कागदावर मांडत असू. शेजारच्या टेबलावरची माणसे चहा थांबवून बघत. एकाने तुम्हाला हळूच विचारले होते, हा आकड्यांचा कुठला खेळ. तुम्ही त्याला म्हणालात, “ह्यात लागलो तर नंबर नाय, खोकलो लागता.”

कार्तिकात दोन्हीकडे रंग दिसू लागला. पौष-माघात वाढला. आकाश निरभ्र, वारा मंद, ऊन स्वच्छ. धुरातल्या वायूंना ऊन लागले की ओझोन तयार होतो, म्हणून कोरड्या महिन्यांत तो आपल्याकडे अधिक, आणि दिवसातही दुपारी अधिक. हे मी पुस्तकात वाचले होते. पण पुस्तकातले वाक्य चहाच्या टेबलावर रंगून येते तेव्हा काय वाटते, ते मला त्या दिवशी कळले. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहून ओळखलेत आणि एक मिरची भजी जास्तीची मागवलीत.

माघातल्या एका शुक्रवारी आपण म्हापशातच कागद बांधला. दुकानदाराच्या परवानगीने, त्याच्या मागच्या दाराला. समोर बसगाड्या मागे-पुढे होत होत्या, धुराने डोळे चुरचुरत होते. तुम्ही आठ तासांत केळी, सुंगटांची मासळी, दोन झाडू आणि एक चटई घेतलीत. चार वाजता मी पट्टी सोडवली. जवळजवळ पांढरी.

“इतक्या धुरात पांढरी? वयनी, तुझ्या कागदाक दारू पाजलंस?”

“कागद बरोबर आहे, अक्का. गाडीच्या नळकांड्यातून निघालेला ताजा धूर ओझोनला तिथल्या तिथे खाऊन टाकतो.”

“मगे माझ्याकडे रंग खयसून येता? माझ्याकडे गाडी दिसाक दोन येतत.”

“तोच धूर वाऱ्याने पुढे जातो. वाटेत ऊन लागते. दोन-चार तासांनी त्याचा ओझोन होतो. तोवर तो तुमच्या सड्यावर पोचलेला असतो.”

तुम्ही झाडू टेबलावर आपटलात. “म्हणजे चूल पेटवतले म्हापशेकार, आणि डोळे चुरचुरतले आमचे?”

सगळे दुकान हसले. मी मात्र त्या क्षणी तुमच्यावर बेहद्द खूश होते. शहरापेक्षा खेड्यात ओझोन अधिक का, हे मी कितीही जुळवून सांगितले असते तरी त्याहून नेमके सांगता आले नसते.

वरच्या ओझोनबद्दलही तुम्ही एकदा असेच नेमके बोललात. मी सांगत होते की उंचावर, ढगांच्याही पुष्कळ वर, सूर्याचे घातक किरण अडवणारा ओझोन सगळ्यांत जास्त तयार होतो तो आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांच्या माथ्यावर, कारण ऊन तिथे प्रखर. पण वरचे वारे त्याला ध्रुवांकडे वाहून नेतात. म्हणून साठा तिकडे मोठा, वसंतात तर सर्वांत मोठा, आणि आपल्या डोक्यावरचा थर वर्षभर पातळच. तुम्ही केळे सोलत म्हणालात, “चेडवासारखो गो. जन्म आमच्याकडे, नांदूक दुसरीकडे.” मग अर्धे मोडून मला दिलेत. डिचोलीत जन्मून पेडण्यात आयुष्य काढलेल्या तुम्ही, आणि लग्न होऊन डिचोलीत आलेली मी.

आपला खरा वाद मात्र मिटला नाही. तुम्ही म्हणत होतात, वस्तूचा स्वभाव एकच असतो. जो वर तारतो तो खाली कसा मारील? मी म्हणत होते, जागा बदलली की परिणाम बदलतो. “देवळात एक आणि घरात एक, अशी माणसां मी खूप बघलंय,” तुम्ही म्हणायचात, “पण वायू तसो नसतलो. वायूक लबाडी खय येता?” या वाक्यावर मला कधी उत्तर सुचले नाही.

त्यात तुमचा दमा होता. कोरड्या महिन्यांत तुम्हाला धाप लागे, पावसाळ्यात धूळ बसली की मोकळे वाटे. हे तुमचे वर्षानुवर्षांचे निरीक्षण होते आणि ते खरे होते.

आषाढात माझे डिचोलीचे कागद फिके पडत गेले. श्रावणात ते धुतलेल्या पंचासारखे पांढरे झाले. अपेक्षित होते तसेच. ढगांनी ऊन अडवले, पावसाने हवा धुतली, आणि वारा आला तो समुद्रावरून, दूरवर नुसत्या पाण्यावरून, धुराचा स्पर्श नसलेला. मी तो डबा घेऊन म्हापशाला गेले. तुम्ही आधीच येऊन बसला होतात. तुमच्या चेहऱ्यावर मी कधी पाहिला नव्हता असा आनंद होता.

“उघड,” तुम्ही तुमचा डबा पुढे सरकवून म्हणालात.

सातही पट्ट्या गडद निळ्या होत्या. माघातल्या, चैत्रातल्या कुठल्याही पट्टीपेक्षा गडद.

“हरलंस गो वयनी! पावसात ओझोन येता, समुद्राच्या वाऱ्याबरोबर. आणि पावसातच माझो श्वास बरो असता. सांग आता, वायट कसो तो?”

मी पट्ट्या उलटसुलट करून पाहिल्या. तुमचे घर सड्यावर, समुद्राचा वारा तिथे थेट येतो, डिचोली आत, डोंगरांच्या आडोशाला. एका जागेची हवा दुसरीसारखी नसते हे तर मीच तुम्हाला शिकवले होते. मी घाईघाईने मनात एक सुबक स्पष्टीकरण रचले आणि म्हणाले, “असू शकेल.”

जो प्रश्न विचारायला हवा होता तो मी विचारला नाही. पट्टीच्या आसपास नेमके काय काय आहे, हा तो प्रश्न.

आश्विन सरताच तुम्ही महिला मंडळात भाषण केलेत. बारा महिन्यांचे बारा चौकोन आखून, त्यांत प्रत्येक महिन्याच्या पट्ट्या चिकटवून मोठा तक्ता केलात आणि खाली लाल शाईत लिहिलेत: ‘आमच्या सड्यावर श्रावणात ओझोन सर्वाधिक, आणि तो श्वासास हितकारक.’ बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी शेवटच्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

मार्गशीर्षात आम्ही तुमच्याकडच्या जत्रेला आलो. तुम्ही स्वयंपाकघरात चहा टाकत होतात, मी पाय धुवायला विहिरीवर गेले. ज्या वाशाला तुमची पट्टी बांधली जायची, त्याच वाशाला, वीतभर अंतरावर, सुंभाने एक मडके टांगलेले होते. बुडाला भोके, तोंडाशी पांढरी खपली. पावसाळ्यात पाणी निर्मळ राहावे म्हणून त्यात ब्लीचिंग पावडर भरून ते विहिरीत सोडतात; त्या वर्षी ते श्रावणात सोडले होते. पाऊस संपल्यावर कोणी ते काढले नव्हते, नुसते वर ओढून ठेवले होते.

अक्का, मला उभ्या जागी कळले. ब्लीचिंग पावडरीतून क्लोरीन सुटतो, आणि आयोडाइडच्या कागदाला क्लोरीन आणि ओझोन यांतला फरक समजत नाही. मडक्याच्या तळाशी थोडी पावडर उरली होती. मी पर्समधून एक कोरी पट्टी काढली, ओली केली आणि मडक्याच्या तोंडावर धरली. तुम्ही दोन वेळा हाक मारायच्या आत ती निळी झाली. श्रावणातल्या त्या सात पट्ट्यांची तीच निळाई.

मी ती पट्टी रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली आणि आत आले. ताटलीत पोदेराकडचे गरम पाव होते, पातळभाजी होती. तुम्ही म्हणालात, “इतको वेळ काय करी होतंस? बावीक प्रश्न विचारी होतंस काय?” मी म्हणाले, “पाय धूत होते.” मग तुम्ही सांगू लागलात की म्हापशाच्या एका मंडळानेही तुम्हाला भाषणाला बोलावले आहे, आणि बोलता बोलता माझ्या कपात दोनदा साखर घातलीत. चुकीचे काय आहे ते सांगायला मला त्यावेळी तीन वाक्ये पुरली असती. मी पाव चहात बुडवला.

पुढे प्रत्येक शुक्रवारी मी ती तीन वाक्ये घोकत बसमध्ये चढले आणि न बोलता परत आले. आज हे लिहिताना मला माझी भीती नीट दिसते. तुम्ही रागावाल याची ती नव्हती. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवाल आणि पुन्हा उभ्या राहून सगळ्यांना सांगाल की चूक तुमची झाली, याची होती. तुम्ही नक्की सांगितले असतेत. तुम्हाला तसे उभे राहिलेले पाहणे मला नको होते, आणि मी त्याला तुमची काळजी असे नाव दिले.

यंदाच्या चैत्रात तुम्ही दुपारी दोन वाजता विहिरीच्या सावलीत खुर्ची टाकून बसू लागलात. “ओझोन घेतंय,” तुम्ही फोनवर हसून सांगितलेत. श्रावणातल्या निळ्या कागदांनी तुम्हाला शिकवले होते की ओझोन तुमच्या श्वासाचा मित्र आहे. म्हणून तो खरोखर जिथे आणि जेव्हा होता, कोरड्या महिन्यातल्या भर दुपारी, सड्यावर, तिथे जाऊन तुम्ही तो घेत होतात. मला फोनवर तुमचा खोकला ऐकू येत होता.

“अक्का, ऊन फार आहे. आत बसा,” मी म्हणाले.

“ऊन माका नवा? ह्याच उन्हातसून शाळेक चलत गेलंय जलमभर. तू तुझ्या कागदाक सांभाळ.”

ऊन हे कारण खोटे नव्हते. पण ते कारण नव्हते. तुम्ही वैशाखाच्या अखेरीपर्यंत तिथे बसलात.

तुम्ही गेलात ते पावसात, श्वास मोकळा असण्याच्या दिवसांत, सकाळची अंघोळ करून खुर्चीत बसल्या बसल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी त्यांना एकीकडे घेऊन चैत्रातल्या दुपारांबद्दल विचारले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि सांगितले की याचा त्याच्याशी संबंध नाही. मी त्यांचे म्हणणे मानते. न घडलेल्या अपराधाचे ओझे मिरवण्यात मला रस नाही. तुमचा तो चैत्रातला खोकला तेवढा माझा आहे, आणि तो मी कोणाला देणार नाही.

बाराव्याच्या संध्याकाळी चार वाजता मी पट्ट्या सोडवल्या. पाने वाढून झाली होती, पाहुणे पांगत होते. सावित्री हात पुसत माझ्यामागून विहिरीवर आली. वाशाची पट्टी काळपट निळी. गोठ्यातली आणि पडवीतली, सकाळी बांधल्या तशाच.

सावित्रीने मडक्याकडे पाहिले, मग पट्टीकडे. ती सातवीपर्यंत शिकली आहे, तुमच्याच हाताखाली. तिला स्पष्टीकरण लागले नाही.

“म्हणजे अक्का चुकली?”

“आम्ही दोघी चुकलो.”

“अरे देवा. आता अक्कान भितर बोलावन घेतल्यान असता आणि सगळ्यांका दाखवल्यान असता.”

तिने माझ्या हातातल्या पट्ट्या घेतल्या आणि ओटीवर उरलेल्या पाहुण्यांना एकेक दाखवत सुटली. मला तिला आवरावेसे वाटले नाही.

दुसऱ्या दिवशी मी तक्ता पाहायला शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी तो विज्ञानाच्या खोलीत, खिडकीसमोर टेकवून ठेवला होता. काच बसवायची होती. वर तुमचे नाव मोठ्या अक्षरांत रंगवले होते आणि खाली तुमचे लाल शाईतले वाक्य. मी तीन पट्ट्या टेबलावर ठेवल्या आणि मडक्यापासून सुरुवात करून सगळे सांगितले. बाईंनी पट्ट्या एकेक करून उजेडात धरून पाहिल्या.

“मग श्रावणाचा चौकोन फाडून टाकू?” त्यांनी विचारले.

“नको. त्याच्याशेजारी डिचोलीचा श्रावण लावा, आणि या तीन पट्ट्या. मुले स्वतः बघतील.”

“पण अक्कांचं वाक्य?”

“तेही राहू द्या. बाकी अकरा महिन्यांची त्यांची मोजणी बिनचूक आहे. एक दिवस चुकवलेला नाही. म्हापशापेक्षा तुमच्या या सड्यावर ओझोन अधिक असतो, हे या तालुक्यात पहिल्यांदा त्यांनीच रंगात दाखवलं.”

बाई तक्त्याजवळ गेल्या. माघ, फाल्गुन, चैत्र असे चौकोन त्यांनी बोटाने मोजले. “हे जांभळे दिसतात ते दुपारचे?”

“दिवसभराचे. पण त्यांतला बराचसा रंग दुपारचा.”

“आमच्या मैदानावरचा सराव डिसेंबरपासून दुपारी दोनला असतो. मार्चपर्यंत. आठवीत दोन मुलींना दमा आहे.” त्या थांबल्या. मग टेबलावरचे नवे वेळापत्रक ओढून त्यांनी मैदानाचा तास खोडला आणि सकाळच्या पहिल्या तासाच्या जागी लिहिला. गणिताच्या सरांना दुपार मिळाली. “त्यांना मी सांगेन,” त्या म्हणाल्या, “ते माझ्याशी भांडतील.”

आपल्या वादाचे उत्तर मला तिथे, त्या खोलीत सुचले. तुम्ही म्हणत होतात तेच खरे होते, अक्का. ओझोनचा स्वभाव एकच. त्याच्याकडे प्राणवायूचा एक अणू जास्तीचा असतो आणि तो देऊन टाकायची त्याला सदैव घाई असते. वर किरणांना अडवताना तो मोडतो आणि पुन्हा जुळतो. खाली तो तोच अणू आपल्या कागदाला देतो, आणि तसाच फुप्फुसाच्या नाजूक अस्तरालाही देतो. वायूत लबाडी नसते. हे मी तुम्हाला सांगायला हवे होते, म्हणजे तुम्ही जिंकल्या असतात आणि आत सावलीत, दार लावून बसल्याही असतात.

निघताना बाईंनी विचारले, “तुमच्या हे कधी लक्षात आलं?”

“मार्गशीर्षात.”

“अक्कांना माहीत होतं?”

“नाही. मी सांगितलं नाही.”

त्यांनी काळ्या शाईचे पेन आणि पांढऱ्या कार्डाचा एक तुकडा माझ्यासमोर ठेवला, आणि खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

तो तुकडा आता श्रावणाच्या चौकोनाखाली लावला आहे. तुमच्या शाळेतले कोणीही मूल तो वाचील, आणि दोन नोंदींमधले अंतर पाहून आपल्या बाईंना विचारील की इतके महिने का लागले. त्याने विचारावे. मी लिहिले ते असे:

‘ही निळाई ओझोनची नाही, विहिरीतल्या औषधाची आहे. जागा न पाहता पसंत केली, ही चूक माझी. ओळखली: मार्गशीर्ष. सांगितली: भाद्रपद.’

त्याखाली मी माझे पूर्ण नाव लिहिले, आणि ते लहान दिसते असे वाटले म्हणून पुन्हा गिरवले.